कुणी रागावणार नाही

एकलहरे, नाशिक
दि. ११ फेब्रुवारी २०२४

चि. संघर्ष यास,
ताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तुझ्या ऑफिसातली मुलगी उचलते आणि सर रेकॉर्डिंगला बसलेत म्हणते. म्हणून हे पत्र. पाकीट तरी तू स्वतः फोडशील.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझ्या शाळेत चौथीच्या परीक्षेची गडबड चालू आहे. तुझी मुलाखत टीव्हीवर पाहिली. एकविसाव्या मजल्यावरचा स्टुडिओ, मागे समुद्र आणि तू काळ्या चष्म्यात. घरात बसून काळा चष्मा कशाला, असं आत्यानं विचारलं. डोळे आले असतील, असं मी सांगून टाकलं. तेव्हापासून रोज विचारते, संघर्षचे डोळे बरे झाले का.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. गेल्या रविवारी शेजारच्या सहादूकाकांच्या नातवाची हळद होती. डीजे आपल्या ओट्यासमोरच लावला होता. तुझं ‘दार लोटलंय’ गाणं सात-आठ वेळा वाजलं. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. नवऱ्या मुलाचा मामा भिकन नाचत नाचत तिच्यापर्यंत आला आणि म्हणाला, आत्याबाई, आज कडी लावू नका बरं का. सगळे हसले. माणूस वाईट नाही तो. त्याला काय माहीत.

आत्या तांदळाचं सूप तसंच ठेवून आत आली. दार लावलं आणि कडी घातली. माझ्या आठवणीत तिनं दिवसा कडी घातलेली मी पाहिली नव्हती. तेव्हापासून ती रोज घालते. शाळेतून आले की मला दार वाजवावं लागतं.

तुला माहीत आहे, तरीही लिहिते, कारण तू विसरला असशील असं समजणं मला सोपं जातं. आत्या हरसूलला सासरी होती तेव्हाची गोष्ट. मजुरीवरून दमून आली आणि दुपारी आतून कडी लावून झोपली. तिची सहा वर्षांची रंगू खेळून आली, दार वाजवत बराच वेळ उभी राहिली. उघडलं नाही म्हणून पाणी प्यायला विहिरीवर गेली, ती परत आली नाही. नवऱ्यानं आत्याला घराबाहेर काढलं. बाबा तिला इकडे घेऊन आले. आपली आई गेल्यावर तिनंच आपल्याला वाढवलं. भाकरी थापताना ती स्वतःशीच दोन ओळी म्हणायची :

दार लोटलंय बाई, कडी लावली नाही
ये गं माझ्या बाई, कुणी रागावणार नाही

तू त्यातला एकच शब्द बदललास. ‘रागावणार’च्या जागी ‘बघणार’ केलंस. त्या एका शब्दावर लोक शिट्ट्या मारतात.

ते गाणं बंद करता येत असेल तर कर. मला यातलं काही कळत नाही, पण तुझं एवढं नाव आहे, तुझा शब्द कुणी तरी ऐकत असेल.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई,
चैताली


मुंबई
दि. २६ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र गाडीत वाचलं. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि परत वाचलं. पंधरा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

मी विसरलो नव्हतो. चार वर्षं जाहिरातींना चाली लावत होतो, तेव्हाची गोष्ट आहे. गाण्यांच्या एका कंपनीत मीटिंग होती. गावाकडचं काही आहे का, पटकन कानात बसेल असं, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून आत्याची ओळ गेली. खरीच ओळ म्हणालो होतो मी. त्यातल्या एकानं हसून विचारलं, रागावणार नाही म्हणजे काय, कोण रागावणार? तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी ‘बघणार’ म्हणालो. टेबलाभोवती सगळे एकदम ताठ बसले. ताई, आज माझ्याकडे जे काही आहे, स्टुडिओ, दोन घरं, ही गाडी, ते सगळं त्या अर्ध्या मिनिटातून आलं. त्याआधी मला त्या इमारतीत कुणी चहासुद्धा विचारत नव्हतं.

लय दुप्पट केली, ढोल घातले, वर मुलीचा चढा आवाज. वाटलं, आत्याला ओळखू येणार नाही. कदाचित मला ओळखू येऊ नये म्हणूनच एवढं सगळं घातलं असेल.

आत्याला इकडे घेऊन ये. तिच्यासाठी वेगळी खोली आहे, कामाला बाई आहे, इथं हळदीचा डीजे ऐकू येत नाही. गाण्यावर तिचं नाव घालण्याचंही मी बघतो.

तिची काळजी घे. तुझीही घे. मला परका समजू नकोस.

तुझा,
संघर्ष


एकलहरे
दि. १० मार्च २०२४

चि. संघर्ष यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. नावाचं ऐकून ती नको म्हणाली. नाव घातलं तर ते आत्ताचं गाणं माझंच होऊन बसेल, असं तिचं म्हणणं. मुंबईचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं की एकविसाव्या मजल्यावर कुणी चालत येतं का.

पण आज सकाळी वेगळंच झालं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. मला विचारलं, चैते, ते मी कसं म्हणायची गं? मला आधी कळलंच नाही. मग कळलं की तिला शब्द आठवतात, पण चाल आठवत नाही. तोंड उघडलं की तुझी चाल येते. मी म्हणून बघितलं, माझ्याही तोंडात तीच.

ती म्हणते, संघर्षच्या कानात असेल. तान्हा होता तेव्हापासून माझ्या मांडीवर ऐकायचा. त्याला बोलाव. तर तू ये. बाकी काही आणू नकोस.

वाट बघायला लावू नकोस, एवढंच मागते.

चैताली


मुंबई
दि. २२ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू निवडणुकीच्या प्रशिक्षणाहून परत यायच्या आत मी निघालो, त्याबद्दल आधी माफी मागतो. थांबलो असतो तर तुझ्यासमोर बोलता आलं नसतं.

कंपनीकडे जाऊन आलो होतो. गाणं त्यांच्या मालकीचं आहे, मीच सही केली आहे. एका ठिकाणाहून काढलं तरी हजार ठिकाणी राहील, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्याचाच दुसरा भाग काढायचा म्हणत होते. तो मी करणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तो दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ म्हणाले, आणि पाणी देऊ का असं विचारलं.

घरी आलो तर आत्यानं हनुवटी धरून आधी माझे डोळे बघितले. लाल आहेत म्हणाली. मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं पीठ मळायला घेतलं, म्हणजे हाताबरोबर चाल येईल, असं तिला वाटत होतं. तिनं सुरुवात केली आणि थांबली. मग मी तिच्या पट्टीत, अगदी हळू म्हणायला घेतलं. पहिल्या ओळीच्या शेवटी माझा आवाज झटका घेऊन वर गेला. तो झटका मीच घातलेला आहे, ताई. लोकांना नाचता यावं म्हणून तीन दिवस बसून बसवलेला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. आत्या भाकरी थापत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की तिचा हातही ढोलाच्या लयीत पडतोय. तिच्याही लक्षात आलं. तिनं हात उचलून त्याच्याकडे बघितलं. मग राहू दे, जेव म्हणाली.

मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या.

हजार माणसांच्या गोंगाटातून एकाचा आवाज वेगळा काढता येईल असं यंत्र माझ्याकडे आहे. त्याच्यात घालायला आत्याचा आवाज माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांत मी कुणाकुणाला माइकसमोर उभं केलं, तिला एकदाही केलं नाही. ती मला गाणारी वाटलीच नव्हती.

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मला पदरात घ्या, असं आता कोणत्या तोंडानं लिहू.

संघर्ष


एकलहरे
दि. ५ मे २०२४

(आत्या सांगते तसंच लिहिते आहे. मधे माझं काही घातलेलं नाही. – चैताली)

चि. संघर्ष यास आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू येळेवर जेवतो का नाय ते आधी कळव. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या, पण त्या मला बरं वाटावं म्हणून खाल्ल्या.

गाणं काय घावलं नाय. लय धुंडलं. आता धुंडायचं सोडलं मी. तू बी सोड.

राग आला का म्हणशील, तर आला. भिकनचा नाय आला, त्याला ठावं नव्हतं. तुला ठावं होतं. मांडीवर घेतलेल्या पोरानं असं केलं म्हणून लय दिस घास उतरला नाय माझा. हे मी खोटं कशाला सांगू. पण तू माझा हायेस, ते काय यानं तुटत नाय.

दुसरं एक सांगायचं हाय. गाणं होतं तवर मला रंगू दिसत नव्हती. दार दिसायचं, कडी दिसायची, माझा हात दिसायचा. चाळीस वर्सं तेवढंच बघितलं मी. गाणं गेलं आणि पोर दिसाया लागली. लय द्वाड होती रे. शेजारणीच्या कोंबड्यांमागं पळायची. गूळ चोरून खायची आणि तोंड पुसायचं इसरायची. गाता तर तिला मुळीच येत नव्हतं, बेसूर वरडायची आणि ताटली वाजवायची. एकदा हरसूलच्या बाजारात माझा हात सुटला. मी रडत रडत सगळा बाजार पालथा घातला, तर ही कासाराच्या पुढ्यात बसून दोनी हातात बांगड्या भरून घेतीय. मला बघून म्हणली, आये, तू कुठं हरवली होती?

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या बापाला बी नाय. गाणं म्हणलं की मला रडू येत नसं. आता रोज येतं. चैती घाबरती, म्हणून तिला सांगितलं, येऊ दे.

तू त्या पोरीला गाण्यातच वळखतोस. ती कशी होती ते तुला ठावं असलं पायजे, म्हणून हे लिहाया लावलं. सुट्टी काढून ये, आणखी लय सांगायचं हाय. तिच्या डाव्या पायाचं, तिच्या झबल्याचं, ती झोपेत काय बोलायची त्याचं.

बसून ऐक. चाल लावू नको.

तुझी आत्या,
सुलाबाई