मनूचा बसलेला बैल

पोळ्याची आदली संध्याकाळ, पिंपळगाव राजा

बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देऊन आम्ही मायलेकी आलो. आल्या आल्या माझी मनू मातीचा बैल करायला बसली. बैलाला पायच नव्हते. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी आगपेटीच्या चार काड्या खोचून त्याला उभा केला. काय गरज होती? हात गप्प बसत नाहीत माझे.

पोरगी रडायलाच लागली.

"काऊन रडतं वं?"

"तो जेवाले बसला होता. तूच म्हनतं नं, उभ्यानं जेवू नको."

काड्या काढल्या. पोटाला चार भोकं. ओल्या बोटानं बुजवली, तरी दिसतातच.

मनूनं त्याच्यापुढं ताटली मांडली. आणि मी आजही ओट्यापाशी उभ्यानंच जेवले. तिनं पाहिलं असेल का?