तिसरा नंबर

सोमवार, ११ फेब्रुवारी २००२

गाढव! साठी उलटली तरी हाताला चैन म्हणून नाही! सहा वर्षं तो टेलिफोनचा डबा जिन्याखालच्या कपाटात गुपचूप काम करत होता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आणि आज दुपारी हाब्बोला त्याला 'नवीन' करायची हुक्की आली. म्हणे फर्मवेअर आलंय. म्हणे त्याने डब्याच्या आतली अक्कल बदलते. आधी स्वतःची बदलून घे म्हणावं!

चाळीस मिनिटं संगणकासमोर पुतळा होऊन बसला. फोन उचलू नकोस, गेशे. व्हॅक्युम लावू नकोस, गेशे. शेवटी डब्यावरचा दिवा लाल झाला, मग हिरवा झाला, आणि स्वारी खूश. संध्याकाळी शेजारच्या तेडाचा फोन आला आणि घरातले तिन्ही फोन एकदम बोंबलायला लागले – स्वयंपाकघरातला, याच्या ऑफिसातला आणि वरचा, माझ्या शिवणाच्या खोलीतला!

"वाजू देत की," म्हणाला. "काय बिघडलं?"

काय बिघडलं! ते सांगायची सोय असती तर या वहीत कशाला लिहीत बसले असते?

लिहून टाकते, निदान डोकं तरी थंड होईल. आयएसडीएन घेतलं तेव्हा एका तारेवर तीन नंबर मिळाले. एक घराचा. एक हाब्बोच्या हीटिंगच्या धंद्याचा. तिसरा उगाच. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एकदा बिल टेबलावर उघडं पडलं होतं, त्यात तो तिसरा दिसला. याचं सगळं असं पसरलेलंच असतं. मी तेडाला घरात बसवलं आणि बेकरीसमोरच्या बूथवरून तो नंबर फिरवला. फक्त शिवणाच्या खोलीत वाजला! बाकी दोन फोन मुके. म्हटलं, देवच पावला. त्या फोनचा आवाज बारीक केला आणि नंबर मेन्नोला दिला.

मेन्नो. बघ, लिहितानासुद्धा दाराकडे मान वळते. त्याच वर्षी नोव्हेंबरात, हाब्बोच्या साठीच्या जेवणात, चाळीस माणसांसमोर पोरगा म्हणाला, "मी धंदा घेणार नाही, बाबा. मी जहाजावर इंजिनियर म्हणून चाललोय." हाब्बो म्हणाला, "मग या घरात तुझं नाव निघणार नाही." नाही निघालं! सव्वातीन वर्षं झाली. जहाज बंदरात असलं की मेन्नो रविवारी अकरा ते बारा फोन करतो, कारण तेव्हा हा मित्रांबरोबर बोसेल खेळायला, रस्त्यावर गोळे फेकायला गेलेला असतो. मी वरच्या खोलीत, तोंडाला उशी लावून, मुलाशी कुजबुजते. आपल्याच घरात!

जानेवारीत सांतोस बंदरातून बोलला तो. "आई, मार्चमध्ये करार संपतोय. दोन वर्षांचा नवा कागद कप्तानाच्या टेबलावर पडलाय. सतरा फेब्रुवारीला डर्बनला पोचतो, तेव्हा फोन करतो. ईस्टरला घरी येऊ का, तेवढं सांग. नाही म्हणालीस तर सही करून टाकतो." आणि वर म्हणाला, "दुसऱ्या कुणी उचलला तर मी ठेवून देईन. काय ते समजेन."

सतरा म्हणजे हा रविवार. आणि डॉक्टरांनी हाब्बोला गुडघ्यासाठी पंधरा दिवस बोसेल बंद केलंय! रविवारी अकरा वाजता तो घरात, हाताच्या अंतरावर फोन, आणि आधी उचलायची याला कोण घाई!

जहाजावर मला फोन करता येत नाही. पत्र आता पोचायचं नाही. हा डबा रविवारच्या आत होता तसा झाला पाहिजे. बस.


मंगळवार, १२ फेब्रुवारी

आता इंटरनेटही लागत नाही. सुंदर!

सकाळपासून कपाटात डोकं घालून बसलाय. बाहेर फक्त पार्श्वभाग आणि शिव्या. मी आपलं साळसूदपणे म्हटलं, "आधी होतं तसंच करून टाक की, सगळं."

"होतं तसं म्हणजे कसं, गेशे? या नव्या फर्मवेअरने सगळं पुसलंय! कुठला नंबर कुठे, काही शिल्लक नाही!"

"मग नवीन करायला सांगितलं कुणी?"

परत डोकं कपाटात. चहा दिला तो गार होईपर्यंत तसाच.


बुधवार, १३ फेब्रुवारी

हा शाळेच्या बॉयलरला गेला आणि मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पंचवीस मिनिटं ते टुकार संगीत ऐकलं. मग पीचबाई म्हणून कुणी आल्या, सॅक्सन हेल काढून बोलणाऱ्या. मला वाटलं होतं हसतील. नाही हसल्या. म्हणाल्या, "संगणक नको. फोनच्या बटणांवरून होतं. पुस्तकाचं एकतीस पान काढा."

एकतीस पान! चांदणी, आकडा, चौकोन, आकडा, मग नंबर, मग परत चौकोन. माझ्यासारखीने फ्रॉकचे नमुने उतरवलेत जन्मभर, हे काय अवघड? सगळं केलं, तेडाला तिच्या घरून फिरवायला लावलं – आणि एकही फोन वाजेना! मेले तिन्ही! परत पीचबाई.

"नंबर कसा घातलात?"

"पूर्ण. गावाच्या कोडासकट." नीट काम करायचं म्हणून, दुसरं काय!

"कोड काढा हो. घरातल्या घरात गावाचं काय काम?"

तो काढला. तेडाने पुन्हा फिरवला. वरच्या खोलीत बारीक किणकिण. स्वयंपाकघर गप्प. ऑफिस गप्प.

मी जिन्यातच बसले आणि रडले. मग उठून बटाटे सोलले. बासष्टाव्या वर्षी, एकटीने! आणि हा म्हणतो मला व्हिडिओ लावता येत नाही.


गुरुवार, १४ फेब्रुवारी

तिन्ही वाजतायत.

तिन्ही!!!

झालं असं की काल माझ्या हातून धंद्याचा नंबर कुठेतरी हरवला. सकाळी शाळेचा फोन ऑफिसात वाजलाच नाही. हाब्बोने संगणकावरून सगळं पुसून पहिल्यापासून लावलं. माझी एवढी मेहनत धुवून टाकली, आणि मला तोंड उघडता येईना. कणीक असावी तसा मी जेवणाचा कोबी तिंबला.

तेवढ्यात म्हणाला, "इंटरनेट लागलं बघ." अभिनंदन! म्हटलं आता उठेल, मी परत बटणं दाबीन. छे! दुपारभर तिथेच. पुस्तकातलं एक वाक्य पुटपुटतो, काहीतरी दाबतो, खाली कपाटाशी जातो, वर येतो. त्या गुडघ्याने जिना!

"लागलं ना तुझं इंटरनेट? मग आता काय अंडी उबवतोयस?"

"अजून झालं नाही."

"काय झालं नाही?"

"झालं नाही म्हटलं ना!"

एवढं ओरडायला काय झालं? सव्वातीन वर्षांत माझ्यासाठी कधी इतका वेळ बसला नाही कशापुढे. डब्यापुढे बसतो!


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

तो आंघोळीला गेला तेवढ्यात मी परत लावलं. एकतीस पान आता पाठ आहे. दुपारी तपासते तर तिन्ही चालू. जेवणानंतर हा जरा आडवा झाला, पुन्हा लावलं. चार वाजता पुन्हा तिन्ही!

पीचबाईंना फोन केला, वाण्याकडे जाते सांगून, तेडाच्या घरून. त्या म्हणाल्या, "घरात अजून कुणी सेटिंग करतंय का? संगणकावरून जपून ठेवलं की बटणांवरचं उडतं. बटणांवरून केलं की संगणकावरचं उडतं. दोघांपैकी एकाने थांबा." एकाने थांबा! हे त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू?

घरी आले तर हा लालबुंद. "या डब्यात भूत आहे! मी लावतो आणि कुणीतरी उलटं करून ठेवतं! हात लावलास का तू?"

"मी? मला व्हिडिओ लावता येत नाही ना?"

पुस्तक भिंतीवर फेकलं त्याने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही फेकलं असेल. मग मीही सोडलं नाही त्याला. म्हटलं, आग लाव त्या डब्याला! कुठला फोन कुठे वाजतो याने तुला काय फरक पडतो? तू तर तिन्हींतला कुठलाही उचलून 'हीटिंग' म्हणून ओरडतोस!

"पडतो फरक," म्हणाला. मग एकदम खालच्या आवाजात, "एक दिवस दे मला, गेशे. उद्याचा एक दिवस. हात लावू नकोस."

दिला म्हटलं. मनात म्हटलं, एकच तर दिवस आहे माझ्याकडे, तोही तूच घे!


शनिवार, १६ फेब्रुवारी

तेडाकडे गेले. तिसऱ्या कपाला म्हणाली, "अगं, सांगून टाक ना त्याला सरळ." लोकांच्या नवऱ्याला सांगायला काय जातंय! तिला त्या जेवणातला हाब्बो आठवत नाही का? पोराने दार ओढून घेतलं आणि याने चाकू उचलून रोस्ट कापायला घेतलं, सगळ्यांना वाढलं, सॉससकट. एक थेंब सांडला नाही. अशा माणसाला काय सांगायचं? आणि मूर्खपणा तरी केवढा! पोरगा जहाजावर करतो काय? बॉयलरच दुरुस्त करतो! इथले वाईट, तिथले चांगले, एवढंच.

मला राग त्याचा आहे, पोराचाही आहे, आणि सगळ्यात जास्त माझा आहे. त्या दिवशी मी उठायला हवं होतं. दोघांच्या मध्ये उभं राहायला हवं होतं. मी काय केलं? कोबीचा वाडगा पुढे सरकवला.

उद्या मेन्नोने 'ठेवून दिला' तर दोन वर्षं. दोन वर्षांनी मी चौसष्ट. आणि त्यानंतर कुठल्या तोंडाने फोन करेल तो?

हा दिवसभर खालीवर, खालीवर. दुपारी एक तासभर वर माडीवर ठोकठोक करत होता, विचारलं तर "पाइप" म्हणाला. संध्याकाळी डब्याच्या कपाटाचं दार लावलं आणि खुर्चीत बसून राहिला. हरलेला दिसत होता. मला दया नाही आली.

रात्री ठरल्याप्रमाणे तेडाने तिच्या घरून फिरवला. तिन्ही वाजतात.

ठीक आहे. माझी मोठी कात्री आहे. उद्या साडेदहाला स्वयंपाकघरातली तार कापते, मग ऑफिसातली. तो बघत असला तरी कापते. विचारलं तर विचारू दे. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.


रविवार, १७ फेब्रुवारी

पावणेअकरा. कात्री घेऊन स्वयंपाकघरात गेले तर तार आधीच काढून, गुंडाळून टेबलावर ठेवलेली. ऑफिसातलीही. हा घरात नाही. कोट नाही, टोपी नाही. डब्याच्या कपाटावर त्याच्या बिलबुकातला कागद चिकटवलेला –

'गेशे, तिसरा नंबर काही केल्या फक्त तुझ्या खोलीत राहत नाही. रोज लावतो, रोज उडतो; काल तर लागलाच नाही. अठ्ठ्याण्णवला लावला तेव्हा एका दुपारीत जमला होता. तारा काढल्यात, बारानंतर लाव. मी बोसेलला जातो. त्याच्या खोलीतला रेडिएटर काल नीट केला, तापतो आहे. त्याला तेवढं सांग.'

सव्वातीन वर्षं! मी उशीत तोंड घालून बोलले आणि हा दर रविवारी वाऱ्यात जाऊन उभा! मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं? आणि माझं?

खिडकीतून दिसतोय. लंगडत कालव्याच्या पुलापर्यंतच पोचलाय.

वाजायला लागला. आधी खिडकी उघडून त्याला हाक मारते.