कुठेही जाणाऱ्या गाडीचं खोकं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली. उरलेली तीन टेकली असं समज आणि आशीर्वाद मात्र पूर्ण दे.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींचा खुबा ऑपरेशननंतर अजून दुखतो का? काठी सुटली का? इकडे तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. का ते पुढे येईलच.

तीन आठवडे झाले तरी गाडी का पोचली नाही, असं तू विचारतेस. विचार, तुझा हक्कच आहे. एक तारखेला भावजींना कामावर हजर व्हायचंय. डोंगरावर या गाडीने वस्तीवस्तीला जाऊन गुरं तपासणं जमलं तर तिथेच राहायचं, नाही तर साहेब त्यांना खाली, आमच्या इथल्या मुख्य कचेरीत टेबलावर बसवणार, हे मला तोंडपाठ झालंय. तीस वर्षं गाईच्या पोटाला कान लावणारा माणूस कागदांना कुठे कान लावणार, असं तू लिहिलंस, ते वाचून मलाही गलबलून आलं. पण पुढच्याच ओळीत तू लिहितेस की गाडी तुझ्या घराजवळच विकत घेऊन ठेवली आहे, तू नुसती पाठवून दे. नुसती! ताई, पाठवणाऱ्यालाच विचार नुसती म्हणजे काय ते.

गाडी झकास आहे, त्याबद्दल दुमत नाही. चार जाडजूड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, चिखल म्हणू नको, दगड म्हणू नको, कुठेही जाते. (विकणारा गृहस्थ तिच्यावर हौशी लोकांना एका मैदानात गोल गोल फिरवत असे, म्हणजे बिचारी आजवर कुठेच गेलेली नाही, हा भाग वेगळा.) मला वाटलं, कुठेही जाते तर तुझ्या घरापर्यंतही जाईल. सकाळी डोक्यात टोपी घालून निघालो. कोपऱ्यावर पोलिसाने अडवलं. म्हणाला, ही रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. म्हणजे बघ, जिथे रस्ता नाही तिथे ती जाऊ शकते, पण जिथे रस्ता आहे तिथे नाही! असला नियम करणाऱ्याला एकदा बघायचंय मला. दोन गल्ल्या ढकलत परत आणली. कंबर तेव्हाच धरली.

मग गेलो माल वाहून नेणाऱ्यांच्या ऑफिसात. एक टेबल, एक पंखा, आणि पंख्याचा सगळा वारा स्वतःकडे वळवून बसलेला एक कारकून. त्याने विचारलं, उघड्या गाडीतून पाठवायची की बंद? मी म्हटलं, फरक काय? तर म्हणाला, उघडीतून स्वस्त पडतं, पण वाटेत दगड उडाला, पाऊस लागला, पोचा आला, तर जबाबदारी तुमची. आणि बंद गाडीतून? तर जबाबदारी आमची, पण नीट पॅक करून आणायची आणि टाकीत पेट्रोलचा थेंब नको. मग ती गाडीत चढवणार कशी, असं मी विचारलं. म्हणाला, चालवत. बिनपेट्रोलची? यावर त्याने पंखा आणखी थोडा स्वतःकडे वळवला.

आता तूच सांग, सुताराला कोणी नीट पॅक करून आणा म्हटलं तर तो काय करेल? (त्याच्या मनात गोधडी गुंडाळून दोरी बांधा एवढंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. मग तसं म्हणायला जीभ झिजत होती का?) मी बारा दिवस खपून गाडीभोवती खोकं केलं. ताई, तुला सांगतो, असं काम माझ्या हातून यापूर्वी झालेलं नाही. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही, सगळ्या फळ्या खाचांत खाचा घालून बसवलेल्या. कुठली फळी आधी निघते हे ठाऊक नसेल तर बाहेरच्याला ते जन्मात उघडणार नाही. वर रंधा असा फिरवलाय की तुझी भावजय त्याच्यावर बाहीचा धागा अडतो का ते बघून गेली. नाही अडला. पण कौतुकाचा एक शब्द? छे. म्हणाली, चाकं असलेली वस्तू तुम्ही आत कोंडलीत, आता हे हलवणार कोण?

हा प्रश्न मला खोचक वाटला. दुसऱ्या दिवशी चार हमाल आले. त्यांनी खोक्याला चारी बाजूंनी मिठ्या मारून बघितल्या आणि निघून गेले. मग मी कारकुनालाच घरी घेऊन आलो. तो म्हणाला, ही आता गाडी राहिली नाही, हे सामान झालं, याचा फॉर्म वेगळा. मी म्हटलं, आत गाडीच आहे. मग म्हणाला, गाडी असेल तर चॅसीचा नंबर दाखवा. नंबर आत! मी मुकाट्याने त्या जागी एक छोटं दार केलं, बिजागऱ्या लावून, कडीसकट. उघडलं तर नंबर दुसऱ्या बाजूला. मी दुसऱ्या बाजूला दुसरं दार केलं. नंबर दिसला, त्याने लिहून घेतला, आणि मग खोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणतो कसा, दोन दारं असलेलं पॅकिंग आम्ही पॅकिंग धरत नाही. शिवाय खोकं आमच्या ट्रकाच्या दारापेक्षा चार बोटं उंच आहे. वरचं तासून द्या.

तासून द्या! ताई, मी आयुष्यात कोणावर हात उचलला नाही. त्या दिवशी रंधा उचलला होता. तुझ्या भावजयीने कारकुनाला चहाचं निमित्त करून मागच्या दाराने बाहेर काढलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी बिनकामाचे नखरे करतो म्हणे. मी! ज्याने तुमच्या गाडीसाठी कमरेचा काटा ढिला करून घेतला, तो!

तेव्हा माझा इलाज खुंटला, असं भावजींना सांग. उघड्या गाडीतून पाठवायला माझं मन घेत नाही, बंद गाडीत ती मावत नाही, आणि चालवली तर पोलीस. एक तारखेच्या आत गाडी पोचणं कठीण दिसतं. त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. टेबलावरची नोकरी काही वाईट नसते, डोक्यावर पंखा असतो.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र घालायला पाकीट आणायला म्हणून मी अर्धा तास बाहेर गेलो होतो. परत येतो तर अंगणात खोकं नाही आणि गाडीही नाही. शेजारी सांगतात, तुझ्या भावजयीने लाकूडवाल्याचा ट्रक थांबवला. (मला दर आठवड्याला लाकूड टाकून तो रिकामा तुझ्याच डोंगरावर परत जातो.) इतकी वर्षं मी जोडलेली फळी न् फळी तिने बघितलेली, त्यामुळे कुठली आधी निघते ते तिला ठाऊक होतं. खोकं सोडलं, त्याच फळ्या लावून उतार केला, टाकीत पेट्रोल घातलं आणि गाडी स्वतः चालवत वर चढवली! वर ड्रायव्हरला म्हणाली म्हणे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता हे पत्र पोचायच्या आत गाडी तुझ्या दारात असेल. फळ्याही तिकडेच गेल्या, गाडी उतरवून घ्यायला लागतील म्हणून. त्यांची चूल करू नका.

ता. क. दुसरा. मघाशी ती तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. विचारते, ज्या ट्रकातून खोक्याचं लाकूड उतरवून घेतलंत, तो तुम्हाला खरंच आठवला नाही? मी म्हटलं, नाही. ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. आठवला होता. तो रिकामा परत जाताना मी दारात उभा राहून बघत होतो. मागच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी जाऊन बघून आलो, एका खिडकीची कडीही बसवून दिली. वाटलं, भावजी कचेरीत आले तर तू चार पावलांवर राहशील. तुला शेवटचं बघून चार वर्षं झाली. भावजींना यातलं काही सांगू नकोस. त्यांची गुरं त्यांना लाभोत.

ता. क. तिसरा. खरं काम राहिलंच. भावजी पहिल्या फेरीला निघतील तेव्हा तू मागे बस, बसथांब्यावर उतर, आणि पंधरा दिवस इकडे ये. ती गाडी दोघांना घेऊन नीट चालते. खोकं करायच्या आधी मी मागच्या सीटवर तुझ्या वजनाचं लाकूड बांधून अंगणात तीन फेऱ्या मारून बघितल्या आहेत. वजन अंदाजाने धरलं. चिडू नकोस.