पावसाळ्याचं शेवाळ

गोंदिया, २ ऑक्टोबर २००४

ती. आईस पुष्पांजलीचा नमस्कार.

तू एसटीतून पाठवलेले तिन्ही डबे मैत्रिणीने प्रयोगशाळेत ठेवले होते. काल कुबडी घेऊन गेले, उघडले आणि कपाळावर हात मारला. बोडीच्या तळ्यातल्या पाण्याखालच्या फांद्या तू इतक्या स्वच्छ धुतल्यास, की भाजीला चिराव्यात. आई, मला झाडं नकोत, झाडांवरचं शेवाळ हवं आहे! उन्हाळ्यात हिरवे धागे होते. पावसाळ्यात दुसऱ्याच जाती येतात. त्या फरकाचाच तर माझा अभ्यास आहे. मॅडम म्हणाल्या, यंदाचा पावसाळा गेला, आता पुढच्या वर्षी. पाय प्लास्टरमध्ये नसता तर तुला सांगितलंच नसतं. हिमांशुशी वैशाखात ठरलेलं माझं लग्न त्याआधीच येतं, त्याचं आता काय करू?

तुझी चिडलेली,
पुष्पांजली

अर्जुनी मोरगाव, ९ ऑक्टोबर

चि. पुष्पांजलीस आईचा आशीर्वाद.

धुवू नको, असं काऊन नाई सांगितलीस? बुळबुळीत घाण कॉलेजात कशी पाठवू? मॅडम म्हणतील, कोणत्या घरची पोरगी होय. तीन-तीन पाण्यानं धुतलो, कंबर मोडली, आणि वरून तूच चिडून राहिली.

हिमांशुच्या घरचे म्हणतात, लग्न ठरल्या वेळीच होईल, अभ्यास सोडून दे. तुझे बाबा हो म्हणणार होते, मी थांबवलो. तुझं मन कळव.

तुझी,
आई

गोंदिया, १५ ऑक्टोबर

ती. आईस नमस्कार.

अभ्यास सोडणार नाही. हिमांशुला फोन केला. एक वर्ष थांब म्हटलं. घरच्यांना विचारतो म्हणाला. चार दिवस झाले, फोन नाही. त्याच्यावर चिडू की तुझ्यावर, हेच कळेना.

पुष्पांजली

अर्जुनी मोरगाव, २४ ऑक्टोबर

चि. पुष्पांजलीस आशीर्वाद.

काल मी एकटीच हिमांशुच्या घरी गेलो. तुझे बाबा आले नाई. त्याच्या आईले सरळ सांगितलो, “शेवाळ मी धुतलो, पोरीची चूक नाई. एक पावसाळा द्या.” तिनं चहा दिला आणि म्हणाली, तळ्यातल्या घाणीसाठी कोणी लग्न लांबवते का. हिमांशु समोरच बसला होता. एक शब्द बोलला असता त मी आणखी हात जोडलो असतो. तो पंख्याकडं पाहत राहिला.

मग मीच उठलो. म्हटलो, “राहू द्या, आमच्याकडूनच नाई समजा.” बाबा कालपासून माझ्याशी बोलून नाई राहिले.

तुले न विचारता लग्न मोडलो. पटत नसेल त घरी येऊन भांड.

तुझीच,
आई