अणुभट्टीत अंदाज

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. सुरतेच्या त्या कॉलेजात आपण दोघंच खानदेशी. इतरांशी तुम्ही गुजरातीत बोलायचात, आणि एकटं असलं की माझ्याशी अहिराणीत. गोडादऱ्यात लूम चालवणाऱ्या माझ्या बापाला त्याचा केवढा अभिमान! "साहेब आपला शेतस," साहेब आपलेच आहेत, असं तो गल्लीभर सांगत फिरायचा.

माझा विषय तुम्हाला आठवतच असेल. अणुभट्टी मंद केली की पुढचे कित्येक तास आत झेनॉन वायू साचत जातो आणि भट्टी पुन्हा पेटू देत नाही. हे गणित सोडवायला आपला कॉम्प्युटर दिवस खायचा. मी त्याचीच जुनी उत्तरं एका छोट्या प्रोग्रामला शिकवली. समीकरणं न सोडवता, नुसतं पाहिलेल्यावरून तो पुढचं चटकन सांगायचा. सेमिनारमध्ये मी भाबडेपणानं त्याला 'अंदाज' म्हटलं. तुम्ही उठून विचारलंत, भट्टी सारखी चालू-बंद केली तर? तसलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, त्यानं झेनॉन शून्याच्याही खाली दाखवला. हॉल हसतोय, मी खडू हातात धरून उभी आहे, आणि तुम्ही पहिल्यांदाच सगळ्यांसमोर अहिराणीत बोलताय, "बहीन, भट्टीमा अंदाज चालत नही. घर जाय, भाजीमा मीठ टाक." बाकीचं कुणाला कळलं नसेल, पण मीठ सगळ्यांना कळलं.

चूक होती, मान्य. पण तसली उदाहरणं शिकवली की ती सुधारणार होती, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. कारण मला विषय बदलायला लावून पुढच्याच वर्षी तुम्ही ते काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडून करवून घेतलंत. माझा 'अंदाज' त्याच्या नावावर 'प्रतिमान', म्हणजे मॉडेल, झाला. मी जाब विचारायला आले तेव्हा तुम्ही वर न बघता म्हणालात, "त्याला नोकरी मिळायला हवी. तुझं काय, लग्न होईल." तेही शुद्ध मराठीत! मी शिक्षण सोडलं, कामरेजच्या शाळेत गणित शिकवत राहिले. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मुद्दाम आले नाही.

पुढे उतारवयात त्याच विषयावर पीएच.डी. केली, दुसरीकडे. हे तुम्हाला ऐकवायचं होतं, एवढंच. पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. कारण मग हेही सांगावं लागलं असतं की प्रबंध बापाला अर्पण करायचं ठरलं होतं, आणि ऐन वेळी मी तिथे तुमचं नाव लिहिलं.