छत्तीस नंबरची दाढ आणि ताराबंदर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (पत्रातच घालतो आहे. प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात. वीस-बावीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्याचं हे फळ. तुझीही कंबर याच कारणाने धरली आहे असं मामी सांगत होती.) वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामांचं कानाचं नवीन यंत्र कसं चालतंय? की मामी बोलायला लागली की ते अजूनही बंद करून ठेवतात? आमच्याकडे सगळं ठीक. ही मजेत आहे, मुलगी होस्टेलवर आहे, आणि माझं काय चाललंय ते पुढे येईलच.

तुझ्या दवाखान्यातून परवा फोन आला की माझ्याकडचे एक पेशंट उरलेलं रूट कॅनाल आता तुझ्याकडे करून घेणार आहेत, तरी एक्स-रे आणि झालेल्या कामाची माहिती पाठवावी. सोबत तीन एक्स-रे जोडले आहेत. खालची, डावीकडची पहिली मोठी दाढ, म्हणजे आपल्या धंद्यातली छत्तीस नंबरची. आतल्या तिन्ही नळ्या साफ केल्या आहेत, वर तात्पुरतं सिमेंट आहे, आता भरणं आणि टोपी बसवणं तेवढं राहिलंय. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण निम्म्या रूट कॅनालवर माणूस दवाखाना का बदलतो, हे तू त्यांना विचारशील, ते तुला सांगतील, आणि तू ते मामीला सांगशील. तेव्हा आधी माझी बाजू ऐकून घे. फोनच करणार होतो, पण फोनवर मी 'ताराबंदर' म्हटलं की तुझ्याकडची रेंज जाते.

तर 'ताराबंदर' पुन्हा येते आहे. छत्तीस वर्षांनी. (दाढही छत्तीस नंबरचीच. तू याला योगायोग म्हणशील, म्हण.) तुला ती मालिका आठवत नसेल, म्हणजे आठवत असेल पण तू कबूल करणार नाहीस, म्हणून सांगतो. रविवारी सकाळी साडेदहाला, तुमच्या घरी, मामांकडे, कारण टीव्ही तुमच्याकडे होता. बाविसावा भाग. अवकाशातल्या तळाला आग लागलेली, कप्तान सगळ्यांना यानात चढवतो, आणि खटपट्या, तो यंत्रमानव, बाहेर राहून दाराचा खटका दाबून धरतो, कारण खटका सोडला तर दार लागत नाही. कप्तान त्याला म्हणतो, इथेच थांब, मी परत येतो. दार लागतं. पुढच्या रविवारी साडेदहाला पाहतो तर एक बाई कागदाची फुलं करायला शिकवत होत्या. मालिका बंद. का, ते कुणी सांगितलं नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि त्या दिवशी जेवलो नाही. तू चांगला पंधरा वर्षांचा, मला समजावलंस की तो नुसता पत्र्याचा खोका आहे, आत एक बुटका माणूस बसतो आणि तो केव्हाच घरी गेला असेल. ते मलाही माहीत होतं रे. पण खटपट्या घरी गेला नव्हता. त्याला थांबायला सांगितलं होतं.

आता आमचं स्नेहमंडळ. (हसू नकोस, रीतसर नोंदवलेलं आहे.) सभासद अकरा, चष्मे सतरा. महिन्यातून एकदा शिंपीमास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत अर्धवट शिवलेल्या कोटांमध्ये आम्ही जमतो. अध्यक्ष हवामान खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि तिथल्या सवयीने प्रत्येक ठरावाला 'शक्यता आहे' जोडतात. मालिका पुन्हा येणार ही बातमी आली त्या दिवशी मास्तर रडले. दुसऱ्या दिवशी जाहिरातीचं चित्र आलं आणि आम्ही सगळेच चिडलो, कारण कप्तानाचं जाकीट निळं दाखवलं होतं. ते हिरवं होतं, असं आमच्यातल्या सहा जणांचं ठाम मत आहे. उरलेल्या पाच जणांच्या मते ते निळंच होतं, पण या निळ्यापेक्षा वेगळं. या विषयावर दोन सभा झाल्या, एका सभासदाने राजीनामा देऊन परत घेतला, आणि मग मास्तरांच्या बायकोने चहा ठेवता ठेवता आठवण करून दिली की तेव्हा सगळ्यांकडे काळे-पांढरे टीव्ही होते. तिला पुढच्या सभेपासून वर न येण्याची विनंती करण्यात आली आहे.

त्यानंतर अकरा सेकंदांची झलक आली. ती आम्ही चाळीस वेळा पाहिली. त्यात यानाचं दार एका झटक्यात, नीट लागतं. जुन्या मालिकेत ते दोनदा ढकलावं लागायचं आणि दुसऱ्यांदा ढकलताना कुणाचा तरी हात दिसायचा. मंडळाने निषेध नोंदवला आणि एकोणीस मागण्यांची यादी तयार केली. थोडक्यात म्हणजे मालिका अगदी पहिल्यासारखी असावी, फक्त ती पाहताना मुलांनी आपल्याला हसू नये. नवीन काही घालू नये, पण तेच तेच दाखवू नये. एकोणिसावी मागणी माझी होती. बाकी अठरा मान्य झाल्या नाहीत तरी चालेल, पण कप्तानाने परत जाऊन खटपट्याला घेऊन यावं.

यादी कार्यालयात पाठवली तर वाचणार कोण, हा प्रश्न होता. आणि अशा वेळी, दादा, एका मंगळवारी हे गृहस्थ गाल धरून माझ्याकडे आले. फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता, लेखन. भूल चढेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, काय लिहिता? त्या बिचाऱ्याने अर्ध्या बधिर ओठाने सांगितलं की सध्या 'ताराबंदर'ची नवी मालिका लिहितो आहे. माझ्या हातात सुई होती. ती मी आधी बाजूला ठेवली, हे माझ्या बाजूने लिहून ठेव.

पहिल्या बैठकीत मी फक्त आनंद व्यक्त केला. (पन्नास मिनिटं.) दुसऱ्या बैठकीला फाइल घेऊन गेलो, म्हणजे माझ्याच खुर्चीपाशी. कामात तसूभरही कसूर केली नाही, एक्स-रे बघ, तुझ्यासारखा माणूससुद्धा बोट ठेवू शकणार नाही. हात आपलं काम करत होते आणि तोंड आपलं. एकेक मागणी वाचायची, कारण सांगायचं, आणि मग विचारायचं, पटतंय का? तोंडात रबरी पडदा, लाळ ओढायची नळी आणि माझी दोन बोटं असताना माणूस विरोध करायला लागला तर किती करणार? ते मान हलवत. उभी हलली की मी फाइलीत बरोबरची खूण करत असे. आमच्या दवाखान्यातल्या बाई (अठरा वर्षं माझ्या शेजारी उभ्या आहेत आणि एकदाही हसलेल्या नाहीत) मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, ते हो म्हणत नाहीयेत. नळी टोचतेय त्यांना." मी नळी सरकवली, पण खूण खोडली नाही.

अशा चौदा खुणा झाल्या. त्याच संध्याकाळी मी मंडळाला कळवलं की नव्या मालिकेच्या लेखकांनी आपल्या चौदा मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आहेत. मंडळात उत्साहाची लाट आली. अध्यक्षांनी आभाराचं पत्र लिहून थेट मालिकेच्या कार्यालयात पाठवलं, त्यात चौदाही मान्यता क्रमवार दिल्या आणि खाली माझ्या दवाखान्याचा पत्ता. तिसऱ्या बैठकीला गृहस्थ आले नाहीत. फोन केला तर म्हणाले परगावी आहे. बाईंनी सांगितलं की ते आत्ताच समोरच्या दुकानातून ब्रेड घेऊन गेले, डोक्यावरून रुमाल ओढून. आणि मग तुझ्या दवाखान्याचा फोन आला.

मंडळ आता म्हणतं की मी घात केला. बाई म्हणतात, अठरा वर्षांत इतका शांत पेशंट पळवून लावलेला पाहिला नाही. हिने तर पूर्ण हकीकत ऐकून एवढंच विचारलं की तो माणूस बरा आहे ना. पण मी त्यांना एक मिनिटही जास्त बसवलेलं नाही, औषधं वेळेवर दिली, आणि जाताना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. यात माझं चुकलं काय ते तूच सांग.

वहिनींना आणि मामा-मामींना नमस्कार. कंबरेला शेक दे.

तुझा,
धाकटा

ता. क. - आता लिहायचं ते लिहून टाकतो. ते तुझ्याकडे येतील तेव्हा, काम झाल्यावर, तोंड मोकळं असताना, त्यांना सहज म्हणून एक विचारशील का? कप्तान परत जातो का? बाकी जाकीट कुठल्याही रंगाचं असू दे. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी चूळ भरून झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, छत्तीस वर्षं तुम्ही त्या डब्याचाच विचार करताय?" मी म्हटलं, "रोज नाही. पण शटर ओढताना आठवतो." ते पावती घेऊन निघाले. तेव्हा खरं म्हणजे मीच गप्प बसून त्यांचं ऐकायला हवं होतं, पण माझी सोळावी मागणी राहिली होती, ती मी लिफ्टमध्ये सांगितली.

आणि वर मी लिहिलं की एक मिनिटही जास्त बसवलं नाही, ते खोटं आहे. दहा मिनिटं बसवलं. काम झालं होतं, पण कापूस काढला असता तर ते बोलायला लागले असते. मला त्याची लाज वाटते. तू मामीला हे सांगू नकोस.

ता. क. २ - पाकीट बंद करत होतो तेवढ्यात शिंपीमास्तर धापा टाकत आले. नव्या मालिकेचे काही पोशाख शिवायचं काम त्यांना मिळालंय. (मंडळाचा निषेध आहेच, पण मापं सोडायची कशी.) त्यात पहिल्या भागापासून एक खलनायक आहे, दंतासुर. पांढरा एप्रन, खिशात आरसा, चष्मा काळ्या गोफाला अडकवून गळ्यात. वाट चुकलेल्या प्रवाशांना तो आडव्या खुर्चीत बांधतो, तोंडात काहीतरी कोंबतो आणि त्यांच्याशी बोलत राहतो. बस, एवढंच त्याचं शस्त्र. मास्तरांनी माझ्या गळ्यातला चष्म्याचा गोफ हातात घेऊन निरखून पाहिला. अठरा वर्षांत पहिल्यांदा बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना स्टुलावर बसावं लागलं. तेव्हा पहिल्या ताज्या कलमातली विनंती रद्द समज. त्यांना काहीही विचारू नकोस. भूलही बेताचीच दे.

ता. क. ३ - नको, भूल पूर्ण दे आणि दाढ फार जपून भर. मास्तर पुन्हा येऊन गेले. पोशाखाच्या कागदावर एक ओळ होती, उजव्या बाहीला तेलाचे जुने डाग हवेत. नव्या एप्रनला जुने डाग कशाला, म्हणून मास्तरांनी कार्यालयात फोन करून विचारलं. तिथल्या मुलीने सांगितलं की दंतासुर त्या जळक्या तळावर छत्तीस वर्षं एकटाच राहतो. दाराशी एक मोडका यंत्रमानव उभा आहे, त्याला तो रोज पुसतो, तेल घालतो, आणि दिवसभर त्याच्याशी बोलत बसतो. तिसऱ्या भागात यान परत येतं.

म्हणजे खटपट्या एकटा नव्हता, दादा. मास्तर गेल्यावर बाईंनी एक पेशंट बाहेर थांबलाय म्हणून दोनदा सांगितलं आणि मग त्यांनीच त्याला अर्ध्या तासाने यायला सांगितलं.

मास्तरांकडे तीनच भागांचे कागद आहेत. त्यात कप्तान खटपट्याला उचलून यानात ठेवतो इथपर्यंत आहे. तेव्हा दाढ भरून झाली की त्यांना तेवढं एक विचार, आणि उत्तर काय येईल ते मला फोन न करता पत्रानेच कळव. दार लावण्याआधी ते दंतासुराला आत घेतात का?