गोल धोंड्यांचा किनारा

दादा,

आज तो किनारा पाहिला. ट्रक घेऊन परतलास की तू सांगायचास, "तिथे वाळूत चेंडूसारखे गोल धोंडे आहेत, माझ्या खांद्याएवढे." आम्ही तुला थापाड्या म्हणून पोट धरून हसायचो. अरे, आहेत की! तू म्हणायचास तसा एक फुटलाय, आणि त्याच्या पोकळीत खरंच माणूस मावतो. मी आत उभी राहिले. बाहेर लाटा आदळत होत्या, आणि मला तू दारात उभा दिसलास, "आईची बांगडी मी घेतली नाही," असं ओरडून सांगणारा. तेव्हाही सगळ्यांआधी 'थापाड्या' मीच म्हटलं. तू निघालास, तर कुठे चाललास एवढंही विचारलं नाही.

म्हणून या पाकिटावर पत्ता नाही.

तुझी,
धाकटी